मेंदूज्वराची खबर गोठ्यातून आधी मिळू शकते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की धूरफवारणी, कोरडा दिवस आणि गप्पी मासे यांच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात, आणि त्या यायलाच हव्यात. मात्र या सगळ्या उपाययोजनांत घरातल्या टाकीत आणि कुंडीत वाढणारा डेंग्यूचा डास गृहीत धरलेला असतो. आमच्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात मुलांचा जीव घेणारा, किंवा जीव वाचलाच तर त्यांना जन्मभरासाठी अधू करून ठेवणारा जपानी मेंदूज्वर वेगळ्या डासामुळे होतो. त्याचा विषाणू माणसापर्यंत येण्याआधी जनावरांत आणि पक्ष्यांत फिरत असतो. तो तिथेच शोधण्याची कायमची व्यवस्था आपल्याकडे असावी, एवढ्यासाठी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला एक पशुवैद्यक म्हणून मी हे पत्र लिहीत आहे.

या विषाणूचा मुख्य वाहक असलेला क्युलेक्स जातीचा डास धानाच्या पाणी भरलेल्या बांध्यांमध्ये वाढतो, संध्याकाळनंतर घराबाहेर चावतो आणि त्याची पहिली पसंती माणसाला नसून गुराढोरांना व डुकरांना असते. बगळे व ढोकरी यांसारखे पाणपक्षी हे विषाणूचे नैसर्गिक आश्रयस्थान आहे. डुकराला लागण झाली की काही दिवस त्याच्या रक्तात विषाणूचे प्रमाण इतके वाढते की त्याला चावणारा डास सहज संसर्गक्षम होतो. गाय-बैल आणि माणूस यांच्या रक्तात ते तेवढे वाढत नाही, म्हणून आजारी मुलाला चावलेला डास हा रोग पुढे नेत नाही. डेंग्यूमध्ये माणूस, डास आणि पुन्हा माणूस असे चक्र असते, त्यामुळे तिथे रुग्ण मोजत राहणे हा मागोवा घेण्याचा योग्य मार्ग ठरतो. मेंदूज्वराच्या बाबतीत मात्र रुग्ण हे साखळीचे शेवटचे टोक आहे, आणि आपली सगळी मोजणी तिथूनच सुरू होते.

हे टोकही फार थोडे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लागण झालेल्या सुमारे २५० जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो, परंतु अशा गंभीर रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावतात आणि वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्क्यांना मेंदूचे कायमचे अपंगत्व येते. म्हणजे एखाद्या तालुक्यात पहिले मूल झटके येऊन रुग्णालयात पोहोचते, तेव्हा आजूबाजूच्या गावांत विषाणू कितीतरी दिवस फिरलेला असतो. उत्तर प्रदेशात २००५ साली गोरखपूर परिसरात हजाराहून अधिक बळी गेले, त्यांत बहुतेक मुले होती, आणि व्यापक लसीकरण त्यानंतर, २००६ मध्ये सुरू झाले. हा क्रम आजही फारसा बदललेला नाही. मार्च २०२५ मध्ये पुणे, रायगड आणि परभणी जिल्ह्यांत १ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी लसीकरण मोहीम घेतली गेली. ती निःसंशय स्वागतार्ह आहे. तरीही लस कोणत्या जिल्ह्याला द्यायची हे प्रामुख्याने रुग्णांच्या नोंदीवरूनच ठरते, म्हणजे काही मुले आजारी पडल्यावरच त्या जिल्ह्याचा क्रमांक लागतो.

याला पर्याय नाही असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात कत्तलखान्यात येणाऱ्या, साधारण सहा महिन्यांच्या डुकरांचे रक्त तपासले जाते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारे रक्तातले घटक, म्हणजे अँटिबॉडी) या वयापर्यंत ओसरलेली असतात आणि मागचा डासांचा हंगाम त्या डुकराने पाहिलेला नसतो. त्यामुळे त्याच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली तर विषाणू याच हंगामात आणि याच भागात फिरत आहे, असा अर्थ निघतो. म्हाताऱ्या डुकराचे रक्त तपासून हे कळत नाही, कारण ती प्रतिपिंडे कोणत्या वर्षाची आहेत हे सांगता येत नाही. जनावर निवडताना त्याचे वय पाहणे म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे आहे.

आपल्याकडे सर्वच गावांत डुकरे नसतात हे खरे, पण शेळ्या नाहीत असे गाव मला तरी ठाऊक नाही. तामिळनाडूत संशोधकांनी नेमका हाच विचार करून खेड्यांतल्या शेळ्यांच्या रक्ताचा आणि त्याच गावांतल्या डासांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शेळी रोग पसरवत नाही, मात्र डास चावल्याची साक्ष तिच्या रक्तात राहते. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या रक्तात जपानी मेंदूज्वर आणि डासांमार्फतच पसरणारा वेस्ट नाइल या दोन्ही विषाणूंच्या प्रतिपिंडांचा शोध घेतला होता. हे दोन विषाणू एकाच कुळातले असल्याने साध्या चाचणीत त्यांची गल्लत होऊ शकते. म्हणून गावपातळीवर गोळा केलेल्या नमुन्यांची खात्री सक्षम प्रयोगशाळेतच व्हायला हवी. अशी प्रयोगशाळा १९५२ पासून पुण्यात आहे, हे महाराष्ट्राचे भाग्यच म्हणावे लागेल.

पशुवैद्यक आणि डॉक्टर आपापल्या वाटेने गेले की काय होते, हे न्यूयॉर्कने १९९९ मध्ये अनुभवले. माणसांतला मेंदूज्वर ‘सेंट लुईस’ प्रकारचा असल्याचे आधी जाहीर झाले. त्याच सुमारास शहरात कावळे मरत होते आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले पक्षीही दगावत होते. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांना असे मारत नाही, हे तिथल्या पशुविकृतिशास्त्रज्ञ डॉ. ट्रेसी मॅकनमारा यांनी लावून धरले, आणि पुढे तो अमेरिकेत प्रथमच आलेला वेस्ट नाइल विषाणू निघाला. इतक्या लांबचा दाखला नको असेल तर सिंधुदुर्गाकडे पाहावे. तिथल्या माकडतापाचा वाहक डास नसून गोचीड आहे, पण मेलेल्या माकडाची खबर हा माणसांसाठी धोक्याचा इशारा असतो, हे तिथल्या गावकऱ्यांनाही आता समजते. आमच्याकडे डुकरीण गाभडली किंवा मेलेली पिल्ले व्याली, तर त्यामागे मेंदूज्वराचा विषाणू असू शकतो, ही शंका घेऊन आरोग्य खात्याला कळवण्याची रीत मात्र पडलेली नाही.

नवा डोलारा उभा करा, अशी माझी मागणी नाही. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताच्या लसीचा परिणाम पाहण्यासाठी जनावरांचे रक्तजल (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, सीरम) घेतले जातेच. त्याच फेरीत ठरावीक गावांतल्या, याच वर्षी जन्मलेल्या करडांचे आणि डुकरांच्या पिल्लांचे नमुने रोवणीच्या (धानाच्या लावणीच्या) आधी एकदा आणि त्यानंतर धान कापणीला येईपर्यंत दर पंधरवड्याला घेता येतील. जिल्हा हिवताप कार्यालयाच्या पथकांनी त्याच गावांत गोठ्याजवळ संध्याकाळी डास पकडून तपासणीला पाठवावेत. नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी बसवली गेली. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकत्र पाहणे हाच त्या संस्थेचा हेतू आहे, आणि तिच्या दारापासून जवळच असलेल्या भंडारा व गोंदिया जिल्ह्यांपेक्षा योग्य सुरुवात मला दिसत नाही.

एक भीती मात्र मनात आहे आणि ती लिहिणे मला आवश्यक वाटते. डुकरांत विषाणू सापडल्याची बातमी पसरली की डुकरे मारून टाकण्याची मागणी होईल, आणि त्याची झळ वराहपालनावर पोट असलेल्या अत्यंत गरीब कुटुंबांना बसेल. डुकरांच्या पिल्लांची नवी पिढी सतत येत असते आणि बगळे तर कोणाच्याच हातात नाहीत, त्यामुळे अशा कत्तलीने रोग थांबणार नाही. उलट, नमुना देणारा माणूस पुढच्या वर्षी दार लावून घेईल. म्हणून पशुपालकाचे नाव गुप्त ठेवण्याची आणि नमुन्याच्या बदल्यात जंतनाशक, खनिज मिश्रण असे काही देण्याची तरतूद सुरुवातीलाच व्हावी. वस्तीपासून डुकरांचे खुराडे लांब नेण्यासाठी जागा आणि अनुदान दिले, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

राहिला प्रश्न निकालाचा. आज जनावरांच्या रक्ताचा अहवाल पशुसंवर्धन खात्याच्या फायलीत जातो आणि रुग्णाचा अहवाल आरोग्य खात्याच्या संगणकावर, आणि दोन्ही एकाच टेबलावर क्वचितच येतात. करडांत किंवा पिल्लांत नवी प्रतिपिंडे आढळल्यास त्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवणे बंधनकारक करावे, म्हणजे लसीचे डोस चुकलेल्या मुलांचा शोध, मच्छरदाण्यांचे वाटप आणि ताप व झटके असलेल्या मुलाला थेट जिल्हा रुग्णालयात हलवण्याची सूचना हे सारे पहिला रुग्ण येण्याआधी सुरू होईल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील मान्सूनपूर्व बैठकीत दोन्ही खात्यांना या विषयावर एकत्र बसवावे आणि तसा शासन निर्णय रोवणीपूर्वी निघावा, ही आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, भंडारा जिल्हा