आई, चमचा आत्ताच लहान कर

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाल्यापासून आईला रात्री झोप नाही, हे बाबांनी फोनवर सांगितलं. आई स्वतःहून बोलणार नाही, आणि फोनवर ऐकलेलं अर्धं विसरायला होतं. म्हणून हे पत्र. दोघांनी वाचा आणि औषधांच्या डब्याजवळ ठेवून द्या, पुढचे दोन-तीन महिने उपयोगी पडेल.

आई, तुझ्या मनात दोन भीती एकमेकींत गुंतल्या आहेत असं मला वाटतं. एक भुलीची: झोपले आणि उठलेच नाही तर? दुसरी तू उघड बोलत नाहीस, पण ती आहेच: यापुढे मला माणसासारखं जेवता येणार आहे का? पहिली मोठ्यानं ओरडते, पण तिचा कारभार एका दिवसाचा. दुसरी पुढची कितीतरी वर्षं रोज जेवायला बसताना तुझ्याबरोबर असणार. तिच्यावरचा उपाय मात्र तुझ्या हातात आहे आणि तो आजपासून सुरू करता येतो.

आधी ऑपरेशनबद्दल थोडं. तुझं स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन, ठरलं आहे. दुर्बिणीतून, चार-पाच लहान छेदांतून, जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपल करून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. सुरुवातीला तिच्यात साधारण १०० ते १५० मिली मावतं. आतड्याला हात लावत नाहीत. जो भाग जातो त्यातच घ्रेलिन नावाचं, भूक चाळवणारं संप्रेरक सर्वांत जास्त बनतं. म्हणून सुरुवातीचे काही महिने भूक खरोखरच कमी होते, ते मनाचे खेळ नसतात. वयाचं म्हणशील, तर २०२२ साली या शस्त्रक्रियेचे आंतरराष्ट्रीय निकष नव्यानं आले, त्यात वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही. हृदय, फुफ्फुसं, चालण्याची ताकद कशी आहे, हे वयाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. तुझ्या तपासण्या त्यासाठीच झाल्या.

आता चमच्याचं. पोट एका दिवसात लहान होतं, पण हात आणि तोंड जुन्याच वेगानं चालत राहतात. ऑपरेशननंतर ज्यांना त्रास होतो त्यांच्यातले बरेच जण काय खाल्लं यापेक्षा कसं खाल्लं यात चुकलेले असतात. म्हणून आजपासूनच लहान चमचा घे, चहाची साखर ढवळतो तेवढा. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेव, हातात धरून बसू नकोस. वीस-पंचवीस वेळा चाव, गिळ, आणि मग चमचा उचल. जेवण वीस मिनिटांच्या आत संपता कामा नये. जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास नको. हे शेवटचं सर्वांत अवघड जातं, म्हणून आधीच अंगवळणी पाड. पहिले दोन दिवस वैताग येईल, पण आठवडाभरात हात आपोआप थांबायला लागतो. ही सवय घेऊन तू ऑपरेशनला गेलीस की निम्मी लढाई झाली.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे जो कमी कॅलरीचा आहार दिला आहे, तो वजन दाखवण्यापुरता आहे असं समजू नकोस. यकृताचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. यकृतात चरबी आणि ग्लायकोजेन (शरीरानं साठवलेली साखर) साठलेलं असेल तर ते मोठं आणि ठिसूळ होतं. सर्जनना ते उचलून धरून खाली काम करायचं असतं, आणि जड यकृत नीट उचलता येत नाही, त्यातून रक्तही येऊ शकतं. दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, त्यात पिष्टमय पदार्थ आणि चरबी कमी, प्रथिनं पुरेशी, असं दोन आठवडे केलं की ग्लायकोजेन आणि त्यानं धरून ठेवलेलं पाणी निघून जातं आणि यकृत आकसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत डोकं दुखेल, चिडचिड होईल, हातपाय गळल्यासारखे वाटतील. पाचव्या दिवसापासून बहुतेकांना बरं वाटायला लागतं. बाबा, त्या चार दिवसांत ती काही बोलली तर मनावर घेऊ नका. आणि आई, शेवटचं एकदा मनसोक्त जेवून घेते, असं करू नकोस. दोन आठवड्यांचं आकसणं अशा एक-दोन जेवणांत वाया जाऊ शकतं.

या आहाराचा एक धोका घरी कुणाच्या लक्षात येत नाही. खाणं कमी झालं आणि साखरेची औषधं तीच राहिली, तर साखर खाली घसरते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर आहार सुरू करायच्या आधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी असेल तर ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी, आणि पुष्कळदा हा आहार सुरू होतानाच बंद करतात. कारण तिच्यामुळे मशीनवर साखर फारशी वाढलेली दिसत नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही असंच विचारा. आपल्या मनानं काही बंद करायचं नाही, पण विचारायचं मात्र आपणच. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा. आई मनाला शांत ठेवणारी जी गोळी घेते, तीसुद्धा त्या पिशवीत हवी. ती लपवायची गोष्ट नाही आणि अचानक बंद करायचीही नाही.

भुलीच्या भीतीवर नुसतं ‘काही होत नाही गं’ म्हणून भागत नाही, हे मला कळतं. भूलतज्ज्ञ आधी भेटतात, तेव्हा मनातल्या भीतीचं नाव घेऊन बोल: ‘मी उठणारच नाही अशी मला भीती वाटते.’ हे वाक्य त्यांच्या ओळखीचं असतं आणि ते त्याप्रमाणे पावलं उचलतात. झोपेत श्वास अडकतो म्हणून तू जे मशीन लावतेस, ते दवाखान्यात बरोबर न्यायचं, विसरायचं नाही. रात्री विचार घोंगावायला लागले की उठून वहीत प्रश्न लिहून काढ. कागदावर उतरलेला प्रश्न सकाळी डॉक्टरांचा होतो, डोक्यात राहिलेला रात्रभर तुझाच राहतो. आणि श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांबला की नाडी मंदावते, म्हणून मोजणी अशी. हेही आत्तापासून रोज कर, ऑपरेशन थिएटरच्या दारात पहिल्यांदा करून जमणार नाही.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलीस की पोटापेक्षा खांदा जास्त दुखेल कदाचित. घाबरू नकोस. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो उरलासुरला वायू श्वासपटलाला टोचतो आणि ती कळ खांद्यात जाणवते. चालल्यानं कमी होते आणि दोन-तीन दिवसांत जाते. त्याच दिवशी संध्याकाळी तुला उठवून चालवतील. पायात गुठळी होऊ नये म्हणून ते आहे, दुखतंय म्हणून टाळू नकोस.

मग घोटांचं गणित. ३० मिलीचा एक छोटा माप-पेला घ्या, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसा. दर पंधरा मिनिटांनी तेवढंच, तेही तीन-चार घोटांत. तासाला १२० मिली होतात, बारा तासांत १४४० मिली. म्हणजे दिवसाचं दीड लिटर जवळपास पूर्ण. पेला बघून ‘एवढ्यानं काय होणार’ असं वाटतं, पण दिवसभर हातातून सुटला नाही तर पुरतो. ग्लासानं गटागट प्यायलं तर छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होऊन उलटून पडेल. सोडा किंवा कोणतंही फसफसणारं पेय नको. लघवी गडद पिवळी दिसली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय. तुझ्या वयात त्यातूनच तोल जाऊन पडायची भीती जास्त.

पुढचे टप्पे साधारण असे: पहिले दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं गुळगुळीत, त्यानंतरचे दोन काट्यानं सहज दाबलं जाईल असं मऊ, आणि मग हळूहळू नेहमीचं. दवाखान्यानं दिलेला तक्ता वेगळा असेल तर तोच पाळायचा. पुढचा टप्पा आधी गाठायचा मोह होईल. पण स्टेपलची रेघ आतून भरायला वेळ लागतो, बाहेरच्या जखमा सुकल्या म्हणून आतली सुकली असं होत नाही.

प्रथिनं रोज ६० ते ८० ग्रॅम. हे तुला खूप वाटेल, आणि पातळ आहारात नुसत्या दुधावर ते जमत नाही. अर्ध्या लिटर दुधात सोळा-सतरा ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा. म्हणून सुरुवातीला प्रथिनांच्या पावडरीचे दोन माप लागतातच. पावडर गोड-गोड होऊन नकोशी वाटली तर कोमट, न गोडवलेल्या सूपमध्ये ढवळ. उकळत्यात घातली तर गुठळ्या होतात. उतारवयात वजनाबरोबर स्नायूही झपाट्यानं जातात, म्हणून ताटातलं प्रथिन आधी खायचं आणि बाकीचं पोटात जागा उरली तर. स्नायूंसाठी चालणंही तितकंच हवं.

एखादा घास अडकला तर कळेल: छातीत घट्ट, तोंडाला पाणी सुटून फेसासारखी लाळ येते. कारण बहुधा एकच, घास मोठा किंवा कोरडा होता. पाणी पिऊन ढकलायला जाऊ नकोस, ते वरच साठतं. उभी राहा, चार पावलं चाल, येऊ दे बाहेर यायचं असेल तर, आणि दोनेक तास काही खाऊ नकोस. कोरडं मांस, ताजा मऊ पाव, चिकट भात हे नेहमीचे अडकणारे, ते शेवटी सुरू कर. पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वीसारखी तृप्ती येत नाही. उचकी, नाकातून पाणी किंवा मोठा सुस्कारा येतो. तिथेच थांबायचं, पुढचा एक घाससुद्धा नको.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ‘कशाला केलं मी हे’ असं मनात येईल, रडू येईल. त्याच सुमारास वजनाचा काटाही आठ-दहा दिवस हलत नाही, कारण शरीर पाणी धरून ठेवतं. दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे फसल्यासारखं वाटतं. वजन आठवड्यातून एकदाच कर. आणि हेही ओळखायला शीक: पोटाची भूक हळूहळू वाढते आणि काहीही चालतं. मनाची भूक एकदम येते आणि तिला एकच पदार्थ हवा असतो. मनाची आली तर दहा मिनिटं थांब आणि कुणाशी तरी बोल, मला फोन कर. इतकी वर्षं कंटाळा आणि काळजी तू खाण्यात जिरवलीस, तो आधार अचानक गेल्यावर दुःख होणारच. दोन-तीन आठवडे उलटूनही उदास वाटत राहिलं, तर डॉक्टरांना सांगायचं, सोसत बसायचं नाही.

बाबा, आता तुमचं काम. ‘अजून एक घास घे’ हे वाक्य कायमचं बंद, आणि ‘तुला हे चालतं का?’ हेही. ताटाकडे बघू नका, तिच्याबरोबर सावकाश जेवा. घरी आल्यावर पहिले तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ ती शांत बसलेली असताना नाडी मोजा: मनगटावर दोन बोटं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा, आणि ताप बघा. नाडी सतत १२० च्या वर, ताप, पोटात वाढत जाणारी कळ, परत सुरू झालेलं डाव्या खांद्याचं दुखणं, धाप यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात. स्टेपलची रेघ क्वचित गळते, पण गळली तर तासांना किंमत असते. बीपीची गोळी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल असेल तर नाडी तितकी वाढतच नाही, म्हणून नुसत्या नाडीवर विसंबू नका. एका पोटरीत सूज आणि दुखणं, तरीही लगेच.

उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं. चालताना झोक जाणं, दोन-दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. तेव्हा कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा: स्लीव्ह झालं आहे, साखरेचं सलाइन लावायच्या आधी थायमिन द्या.

गोळ्यांचं एवढंच: मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम हे आता जन्मभराचं. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं, एकत्र घेतले तर लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच, दिवसातून दोन-तीनदा. गुडघा दुखला म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक विचारल्याशिवाय घेऊ नकोस, पोटात अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. तिसऱ्या महिन्यापासून केस गळायला लागतील. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर काही महिन्यांत परत येतात.

बाबा, उद्या पाकिटांची पिशवी भरताना प्रत्येक गोळीचं नाव आणि डोस वहीत उतरवा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा. आई, तू रविवारी फोनवर फक्त एवढंच सांग: चमचा खाली ठेवून जेवायला किती मिनिटं लागली.

तुमची,
लेक