औंदा पाखरां गप कशी?

मालवण,
9 जानेवारी

प्रिय दिगू,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझी शुगर आहे तिथेच आहे, हिचा गुडघा कुरकुरतो पण चालतो. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तुला एक वाक्य तीनदा सांगावं लागतं आणि चौथ्यांदा तू भलत्याच गोष्टीला हो म्हणतोस. शिवाय ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. घरात ही असते. तिला ऐकू जाईल अशी भीती मात्र नाही, आणि पत्राचं कारण नेमकं तेच आहे.

थांब, पहिल्यापासून सांगतो.

गेल्या रविवारी थंडी पडली. थंडी म्हणजे आपली कोकणातली, सहाला कौलांवरून दहिवर टपकतंय आणि दहाला गंजी ओली. चहा पिता पिता ही म्हणाली, "आज खय तरी जावया." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हे वाक्य तिच्या तोंडून मी चार-पाचदा ऐकलं असेन. लगेच स्कूटर काढली. पोरगी पुण्याहून रोज बजावते की या वयात दोघांनी स्कूटरवर बसू नका, म्हणून तिला कळवलंच नाही. डब्यात घावणे आणि चटणी. वाटेत देवळं लागणार म्हणून सुका बांगडा घरीच राहिला.

चौक्यावरून धामापूर. रस्त्याला दोन्हीकडे मोहोराचा वास. यंदा मोहोर बरा आहे, तुडतुड्याने गाठलं नाही म्हणजे मिळवली. तळं अजून तसंच आहे रे. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये मातीचा बांध, पायऱ्यांशी भगवती. विजयनगरच्या काळात 1530 साली नागेश देसायांनी तो बांध घातला, आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. आपण म्हशींच्या शेपट्या धरून डुंबलो तो वारसा होता हे मास्तरांना माहीत असतं तर छड्या वाचल्या असत्या. आणि हो, पायऱ्यांवर उभं राहून मी पुन्हा अंतर बघितलं. तू पलीकडे पोचला नव्हतास. अर्ध्यातून परत फिरलास. मरेपर्यंत हेच सांगणार.

ही पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडून म्हणाली, लग्नात दागिने मागायची परडी इथनंच सोडीत ना? तुला आठवतं, आजी सांगायची. फुलांचे दागिने करून परडी तळ्यात सोडायची, तीच परडी सोन्याचे दागिने घेऊन वर यायची, लग्न आटोपलं की परत करायची. मग कोणीतरी परत केले नाहीत आणि देवीने हात आखडला. मी म्हटलं, "तू काय मागशीत?" ती पाण्याकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. "हूं," म्हणाली. मला वाटलं, तंद्री लागली.

तिथून काळसे, नेरूरपारचा पूल, आणि वालावल. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारचं तळं, सगळं इतकं शांत की चप्पल काढतानाही आपण हळू काढतो. देवळामागच्या डोंगरावर थोडं चढू म्हणाली. गुडघ्याचं काय, तर म्हणे तो आज गप आहे. ती पुढे, मी मागे. सुक्या पाचोळ्यात तिच्या पायाशी काहीतरी सळसळलं. मी ओरडलो, "गो, थांब!" ती चालतच राहिली. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा वळली, तीही माझ्या ओरडण्याने नव्हे, मी धडपडून फांदी मोडली म्हणून. नानेटी होती, बिनविषारी, निघून गेली. पण मला घाम फुटला. मी चिडून म्हटलं, कान कुठे असतात तुझे? ती हसली आणि पदराने कपाळ पुसलं. वरून कर्ली नदी, खाजणं, माड, सगळं दिसत होतं. मी बघितलं नाही, रागात होतो. हे पुढचं कळलं असतं तर बघितलं असतं.

आता पाट. तुला माहीत आहे पाट म्हणजे हिच्यासाठी काय. माहेरच्या घराला आता कुलूप आहे, भाऊ मुंबईत. तळ्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. कमळांची पानं, मध्ये पाणकोंबड्या, आणि पलीकडे अडयांचा, म्हणजे त्या रानबदकांचा, थवा. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात, 1988 च्या, हिने मला इथे आणून अडई शिकवली होती. मला बदक आणि कोंबडीतला फरक ताटात आल्यावर कळायचा. ती म्हणाली होती, बघायची गरज नाही, उडताना शिट्टी घालतात. रात्री घरावरून शिट्ट्या घालत गेल्या की हिची आई म्हणायची, अडया चरायला निघाल्या, आता तुम्ही झोपा.

तर आम्ही बांधावर उभे. कुत्रं भुंकलं आणि थवा उठला. डोक्यावरून गेला, दिगू, हाताच्या अंतरावरून म्हटलं तरी चालेल. शिट्ट्यांनी आकाश भरलं. ही वर बघत होती. थवा लांब गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "औंदा पाखरां गप कशी ओ?"

मी म्हटलं, "थंडी नाय मरे पडली अजून."

एवढंच सांगण्यासाठी हे पत्र. बाकी सगळी भरताड.

तेव्हापासून मी मागचं सगळं उलगडत बसलोय. कुकरच्या शिट्ट्या. गेलं वर्षभर आमची डाळ एक तर पीठ होते नाहीतर दाताखाली येते, आणि मी गॅसवाल्याला शिव्या घालतो. दशावताराला ती माझ्या उजव्या बाजूला बसायला लागली, मला वाटलं तिथून संकासुर नीट दिसतो. मी बोलताना ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते, याचा मी काय अर्थ लावला होता ते तुला सांगत नाही, तू गावभर करशील. तुझ्याच कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, वयानुसार बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात? ढोल राहतो, शिट्टी जाते. कुत्रं तिला ऐकू आलं होतं, आधी तीच दचकली.

आणि मला सारखं वाटतं, तिला माहीत असेल तर? तो प्रश्न तिने पाखरांबद्दल विचारला की मला विचारला? तसं असेल तर मी दिलेलं उत्तर फार वाईट होतं.

पुण्याच्या तुझ्या लेकीच्या लग्नात मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, नवरीच्या बापाला घंटा वाजवून बोलवा. सगळे हसले, तूही हसलास, आणि मग आठ महिने फोन नाही. मी इथे सगळ्यांना सांगत फिरलो की दिगूला विनोद कळत नाही, उगाच फुगला. वहिनींनी मला नंतर सांगितलं की कानाचं यंत्र तू आणलंस आणि जुन्या चष्म्यांच्या खणात ठेवून दिलंस, ते याच आठ महिन्यांत. तेव्हा मी वहिनींना काय म्हणालो? "हट्टी आहे." चुकलो रे. कागदावर लिहितोय, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. पोहण्याबद्दल मात्र माघार नाही.

आता सांग, मी तुला तेव्हा कसं सांगायला हवं होतं? तू विचार करून सांग, कारण मला तेच इकडे वापरायचंय. पोरीला सांगितलं तर ती उद्या गाडी करून हिला पुण्याला डॉक्टरकडे नेईल, आणि ही डॉक्टरसमोर सगळं ऐकू आल्यासारखं मान हलवेल. मान हलवण्यात ही पटाईत आहे, हे मला रविवारी कळलं.

मला एक सुचलंय. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेला ये. वहिनींना घेऊन ये, आठ दिवस राहा. येताना तो खण उघड. इथे पडवीत बसून हिच्यासमोर यंत्र कानात घाल, काढ, शिव्या दे, शिट्टी वाजते म्हणून तक्रार कर, काय वाटेल ते कर. मी तुला बहिरा म्हणेन, तू माझ्यावर ओरड. आपली भांडणं ती पहिल्यापासून मन लावून बघते. तिने एकदा "बघू, माका दी" म्हटलं की झालं.

तुमच्या बिल्डिंगचं काम कुठवर आलं? भाड्याच्या घरात नातवाच्या मुंजीला जागा पुरली का? फोटोत तू फार बारीक दिसलास, की सदरा मोठा होता? वहिनींना नमस्कार, कुळथाचं पीठ आणि थोडी आमसुलं आल्यावर देतो.

तुझा,
आबा

ता.क. उत्तर पत्राने पाठवू नकोस, पोस्टमन हिच्याच हातात देतो. फोन कर. मी सड्यावर जाऊन घेईन, तिथे ओरडायला भरपूर जागा आहे.