बेथून, कोटणीस आणि काही दुरुस्त्या

महोदय,

जपानविरुद्धच्या युद्धात चिनी सैनिकांवर उपचार करणारे कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांच्यावरील आपल्या पुरवणीतल्या लेखात ‘अतिश्रमाने चीनमध्ये देह ठेवला’ असे छापले आहे. श्रम अपार होते, यात वाद नाही. एप्रिल १९३९ मध्ये छीहुईच्या लढाईत त्यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. पण ते गेले जंतुसंसर्गाने, आणि त्याचे मूळ होते बोटाला झालेली बारीकशी जखम.

१९३९ च्या ऑक्टोबरअखेर एका सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या डाव्या हाताचे मधले बोट कापले. हातात रबरी मोजे नव्हते. फुटलेल्या हाडाच्या कपच्या जखमेत बोटाने चाचपून शोधाव्या लागतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. एवढ्यावर कदाचित निभावलेही असते. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच हाताने त्यांनी डोक्यात धावरे (त्वचेत झपाट्याने पसरणारा जंतुसंसर्ग) पसरलेल्या जखमीवर शस्त्रक्रिया केली. मग विष अंगात भिनले. १२ नोव्हेंबरला हुआंगशीकोऊ गावात त्यांचा अंत झाला. पेनिसिलिन सैन्यांच्या हाती पडायला अजून तीन-चार वर्षे होती.

ते आघाडीच्या इतक्या जवळ का जात, हे लेखात नाही. गोळीच्या जखमेत माती आणि कपड्याचे धागे शिरतात. साधारण सहा तासांत जखम साफ झाली तर बरे. पुढे जंतू मेलेल्या मांसात घर करतात. चिमट्याने धरल्यावर न आकसणारा, कापल्यावर रक्त न येणारा स्नायू काढूनच टाकायचा आणि जखम उघडी ठेवायची. घाईने टाके घातले की आत वायुकोथ (जंतूंमुळे मांस सडून त्यात वायू साठणे) होऊ शकतो. डोंगरातून डोलीने दोन दिवसांनी आलेल्या जखमीचा बहुधा पायच जायचा. म्हणून रुग्णालयच खेचरावर लादायचे. त्यासाठी त्यांनी खोगिरासारख्या लाकडी पेट्या करवून घेतल्या. खेचराच्या पाठीवर त्या कमानीसारख्या दिसत. नाव पडले ‘लुगोऊ पूल’, चीन-जपान युद्धाची ठिणगी पडली त्या पुलावरून. त्यांत १०० शस्त्रक्रिया, ५०० मलमपट्ट्या आणि ५०० जणांची औषधे एवढे सामान मावे.

‘जगातील पहिली रक्तपेढी’ हा उल्लेखही ओढूनताणून आणलेला. स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदमध्ये डिसेंबर १९३६ पासून बेथून यांनी आघाडीवर रक्त पोचवले, पण बार्सिलोनात डॉ. दुरान-जोर्दा यांनी तसे काम काही महिने आधीच सुरू केले होते. रक्त गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट घालत; ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते. बाटली गार ठेवायची आणि हिंदकळू द्यायची नाही, कारण हादऱ्यांनी लाल पेशी फुटतात. वर तरंगणारा पिवळसर थर लालसर दिसला, की बाटली बाद.

शेवटी डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ते ‘बेथून यांच्या हाताखाली शिकले’ असे आपण म्हणता. भारतीय वैद्यकीय पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये यानआनला, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर, पोचले तेव्हा बेथून दूर आघाडीवर होते, आणि कोटणीस त्या भागात गेले १९४० साली. जानेवारी १९४१ पासून बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली, ती ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी मृत्यू येईपर्यंत. ते सोलापूरचे म्हणून आपण आवर्जून लिहिता, तर तारखा तरी पडताळून घ्याव्यात.

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक