ताई, त्या पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळींसाठी

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहितीये, फोनवर थँक्यू म्हटलं तरी तुम्ही लगेच "बरं ते बँकेचं स्टेटमेंट पाठवलं का" म्हणून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते, इथे विषय बदलता येणार नाही तुम्हाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताई सिंगापूरला कंपन्यांची सरकारी कागदपत्रं सांभाळायचं काम करतात. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे, व्हॉल्व्ह बॉडीची कास्टिंग्ज करतो. सिंगापूरला जहाज दुरुस्तीच्या लाइनमधलं एक गिऱ्हाईक मिळालं, चांगलं गिऱ्हाईक, पण त्यांचं म्हणणं की माल सिंगापुरातच स्टॉकमध्ये ठेवा आणि बिल सिंगापूरच्या कंपनीच्या नावानं द्या. मग २०२२ च्या जूनमध्ये आम्ही तिकडे कंपनी काढली. एका एजंटकडून. ऑनलाइन जाहिरात होती, एका दिवसात कंपनी, सगळं पॅकेजमध्ये, तुम्ही फक्त सह्या करा. आणि खरंच एका दिवसात कंपनी झाली, त्यात काही खोटं नव्हतं. सरकारी फी तिथे कंपनीचं नाव मंजूर करायचे १५ सिंगापूर डॉलर आणि रजिस्ट्रेशनचे ३००, भांडवल तर १ डॉलरसुद्धा चालतं, पॅकेजचे बाकीचे एवढे पैसे कशाचे होते ते आम्ही विचारलंच नाही. एक झकपक बॉक्स आला कुरियरनं, त्यात कंपनीचं सील, दाबायचं मशीन वगैरे. त्या सीलचे वेगळे पैसे लावले होते. तुमच्याकडून नंतर कळलं की मार्च २०१७ पासून तिथे कंपनीला सीलची सक्तीच राहिलेली नाही.

पण खरा त्रास त्याच्यानंतरचा. कंपनी काढणं सोपं, सांभाळणं वेगळं, आणि हे सांभाळणं म्हणजे काय ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तिथे एक तरी डायरेक्टर तिथे राहणारा लागतो, तो एजंटनं त्यांचाच दिला. कंपनीचे सरकारी कागद सांभाळणारा सेक्रेटरी तिथलाच लागतो, तोही त्यांचाच. पत्ताही त्यांचाच. म्हणजे आमच्या कंपनीच्या नावानं येणारं प्रत्येक पत्र त्यांच्या टेबलावर, आणि आमच्यापर्यंत येतं का नाही ते त्यांच्या मर्जीवर. नाही आलं एकही.

२०२४ च्या फेब्रुवारीत गिऱ्हाइकाच्या परचेसमधून मेल आला की व्हेंडर रिन्युअलसाठी तुमच्या कंपनीचं प्रोफाइल काढलं तर ॲन्युअल रिटर्न, म्हणजे दरवर्षी सरकारकडे द्यायची कंपनीची माहिती, भरलेलं दिसत नाही, तोवर पेमेंट होल्डवर. आमचं वर्ष ३१ मार्चला संपतं, सात महिन्यांत रिटर्न भरायचं असतं म्हणजे ३१ ऑक्टोबर २०२३, ती तारीख कधीच मागे पडली होती. एजंटला फोन केला तर तो उचलेना. तीन दिवसांनी मेल आला की आमचा सेक्रेटरी डिसेंबरातच सोडून गेलाय, आणि पुढच्या वर्षाचे पैसे आज संध्याकाळपर्यंत भरा नाहीतर आमचा डायरेक्टर राजीनामा देईल, मग तुमची कंपनी बेकायदेशीर होईल. मी तो मेल वाचून दाखवला तेव्हा आमचे आबा, ज्यांनी ही फाउंड्री टाकली, ते फर्नेससमोरून आत आले होते, हातात हेल्मेट तसंच. ते काही बोलले नाहीत. डायरेक्टर म्हणून त्यांचं नाव होतं, आणि आमच्या घरात सरकारी कागदावरच्या नावाला फार किंमत आहे.

कोल्हापुरात दोन ठिकाणी विचारलं. एकानं सांगितलं ते आपल्या कक्षेत येत नाही. दुसऱ्यानं आधी फी सांगितली आणि मग प्रश्न काय ते विचारलं. सिंगापूरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं तुमचा नंबर दिला, म्हणाली मिरजेच्या आहेत, वीस वर्षं हेच काम करतायत, फोन करून बघ.

ताई, तो पहिला फोन मला शब्दन् शब्द आठवतो. आमच्याकडे साडेपाच, तुमच्याकडे रात्रीचे आठ. मी घाईघाईनं सगळं एका दमात सांगत सुटले आणि तुम्ही मधे फक्त एवढंच म्हणालात, "थांब. हा राजीनाम्याचा मेल मला फॉरवर्ड कर. तो माणूस असा जाऊ शकत नाही." तिथला कायदा असा की शेवटचा स्थानिक डायरेक्टर दुसरा कोणी आल्याशिवाय राजीनामा देऊच शकत नाही, दिला तरी तो धरत नाहीत. म्हणजे ज्या धमकीपायी आम्ही तीन रात्री झोपलो नव्हतो तिच्यात दमच नव्हता, आणि एजंटला हे माहीत होतं, त्याचा धंदाच आहे तो. माहीत असून एका म्हाताऱ्या माणसाला घाबरवलं. हे मी विसरणार नाही. चूक होते माणसाची, रिटर्न राहिलं, सेक्रेटरी सोडून गेला, सांगितलं असतं तर समजून घेतलं असतं. पण भीती विकून पैसे काढायचे, हे नाही समजून घेता येत.

पुढचं कागदपत्रांचं सगळं मी लिहीत बसत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त उशीर म्हणून ६०० डॉलर दंड बसला तो भरला. रिकाम्या जागेवर तुम्ही सेक्रेटरी झालात, ती जागा सहा महिन्यांपेक्षा जास्त रिकामी ठेवता येत नाही. एजंट जाताजाता ऑडिटचं मोठं बिल काढत होता, तुम्ही आमच्या कोल्हापूरच्या कंपनीचेसुद्धा आकडे मागून घेतलेत कारण ग्रुप म्हणून मोजावं लागतं, आणि सांगितलंत की विक्री १ कोटी डॉलरच्या आत, मालमत्ता १ कोटी डॉलरच्या आत, माणसं ५० पर्यंत, या तिन्हीतल्या दोन गोष्टी बसल्या तर ऑडिट लागत नाही. आमची माणसं पन्नासच्या वर आहेत पण बाकीचे दोन आकडे आरामात बसत होते. तुम्ही सरळ "करून टाका ऑडिट" म्हणाला असतात तर आम्ही केलंही असतं, कुठं कळत होतं आम्हाला.

आणि एक गोष्ट जी तुमचं काम नव्हतीच. तुम्ही सहज विचारलंत, इथून पैसे पाठवले तेव्हा बँकेकडून यूआयएन, म्हणजे परदेशी गुंतवणुकीचा नोंदणी नंबर, मिळाला होता ना, मग रिझर्व्ह बँकेचा एपीआर भरला का? मी म्हटलं एपीआर म्हणजे काय. परदेशातल्या कंपनीत पैसे घातले की दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत बँकेमार्फत तो रिपोर्ट द्यायचा असतो, आणि १५ जुलैपर्यंत एफएलए रिटर्न, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेची आणि देण्याची माहिती, ते वेगळं. आमच्या इकडच्या लोकांनी, ज्यांना आम्ही दरवर्षी फी देतो, त्यांनी दीड वर्षात एकदाही हा शब्द उच्चारला नव्हता. तुम्हाला त्याचे एक रुपयाही मिळणार नव्हते. तरी तुम्ही दोनदा फोन करून विचारलंत, भरलं का, पावती आली का.

पण ताई, हे पत्र यातल्या कशासाठीच नाहीये. हे पत्र पेन्सिलीसाठी आहे.

आबा मराठी शाळेत शिकले, मॅट्रिकनंतर मोल्डिंग शॉपमध्ये लागले, पुढे स्वतःची फाउंड्री टाकली. इंग्रजी ड्रॉइंग वाचतात, टॉलरन्स त्यांना माझ्यापेक्षा आधी दिसतो, पण दहा पानी इंग्रजी कायद्याचा कागद म्हणजे त्यांना भिंत. एजंटच्या कागदांवर पिवळे बाण चिकटवलेले होते, साइन हिअर, साइन हिअर, आणि आबा त्या बाणांमागून सह्या करत गेले. तुम्ही आधी केलेल्या सगळ्या सह्यांच्या कॉप्या मागवल्यात तेव्हा त्यात एक इंडेम्निटी, म्हणजे भरपाईची हमी, निघाली, एजंटच्या डायरेक्टरवर काही आलं, अगदी त्यांच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे आलं तरी सगळी भरपाई आमची, त्याला मर्यादा नाही. मी आबांना मराठीत सांगितलं त्यात काय लिहिलंय ते. ते त्या दिवशी लवकर घरी गेले. रात्री जेवताना म्हणाले, "चाळीस वरसं धंदा केला, कुणाला कोऱ्या कागदावर सही दिली न्हाई. आणि हितं लिवलेल्या कागदावर दिली."

मी हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, बोलता बोलता, आणि लगेच विसरलेही. तुम्ही नाही विसरलात.

दहा दिवसांनी तुमचं पाकीट आलं. आता हे सगळं ऑनलाइन सहीनं होतं, कागद पाठवायची गरजच नव्हती, मला वाटलं काहीतरी अडलंय. उघडलं तर प्रत्येक पानाच्या समासात बारीक अक्षरात पेन्सिलीनं मराठी लिहिलेलं. शाळेतल्या बाईंसारखं अक्षर, रफार वेलांट्या सगळं जागच्या जागी. वरती एक चिठ्ठी, "आबासाहेब, हे सगळं आधी वाचा. घाई नाही. जे पटणार नाही त्यावर सही करू नका. पेन्सिलीनं लिहिलंय म्हणजे सह्या झाल्यावर खोडता येईल."

एका पानावर, "या रजिस्टरमध्ये कंपनीवर खरा ताबा कुणाचा आहे ते लिहिलेलं असतं. हे तुमचं नाव आहे. पासपोर्टप्रमाणे स्पेलिंग तपासा." दुसऱ्या एका पानावर, "ही नवीन इंडेम्निटी. स्थानिक डायरेक्टर घेतला की ही लागतेच, पण यात आमच्या चुकीची भरपाई तुमच्यावर नाही, तिसरी ओळ बघा. तरी आधी मला फोन करा, मग ठरवा." आणि तुम्हाला सेक्रेटरी नेमण्याचा जो ठराव होता त्याच्या समासात, "या ठरावानं मी तुमच्या कंपनीची सेक्रेटरी होते. मी काम नीट केलं नाही तर असाच एक ठराव करून मला काढता येतं, त्याला माझी परवानगी लागत नाही. त्याचा नमुना शेवटच्या पानाला जोडलाय."

ताई, हे कोण करतं हो? स्वतःला काढून टाकायचा कागद स्वतःच तयार करून, त्यावर मराठीत टीप लिहून, पदरच्या पैशानं कुरियर करून कोण पाठवतं? मी ते पान हातात घेऊन ऑफिसात बसून राहिले. बाहेर डिस्पॅचची गाडी हॉर्न वाजवत होती, चलनावर सही पाहिजे होती, मला उठायचं भान नव्हतं.

आबांनी तो गठ्ठा घरी नेला नाही. ऑफिसातच बसले, दुपारची हीट, म्हणजे भट्टीची पाळी, झाल्यावर, चष्मा पुसून. दोन दिवस वाचत होते, रोज तास-दीड तास. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले फोन लाव ताईंना. तीन प्रश्न काढले होते डायरीत. पहिला असा, "माजं नाव त्या रजिस्टरला हाय म्हंजे कंपनी आमचीच न्हवं?" तुम्ही म्हणालात, "तुमचीच हाय ओ, कोण नेतंय!" अगदी आपल्याकडची भाषा, वीस वर्षांत जराही न हललेली. आबा हसले. फेब्रुवारीपासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मग बाकीचे दोन प्रश्न झाले, मग चहा सांगितला, आणि मग एकेक पान वाचत सगळ्या सह्या केल्या, माझ्यासमोर, बाणाविना.

लोक म्हणतात फॉरेनची कामं म्हणजे सगळं सिस्टिमवर चालतं, माणसाचा संबंध नाही. मला नाही पटत आता. सिस्टिम एजंटच्याही हातात होती आणि तुमच्याही. कायदा तोच, फॉर्म तेच, पोर्टल तेच. त्यानं त्यातून भीती काढली आणि तुम्ही एका माणसाचा मान त्याला परत दिलात. आपल्याकडेही अशी माणसं आहेत, तलाठी ऑफिसात एखादा क्लार्क असतो जो म्हातारीला बाकावर बसवून तिचा सातबारा तिला वाचून दाखवतो, बँकेत एखादी मुलगी असते जी स्लिप भरून देते आणि वर काय भरलं तेही सांगते. त्यांचं कोणी नाव घेत नाही. फसवणाऱ्यांच्या गोष्टी आपण दहा जणांना सांगतो, मीही वर तेच केलं. म्हणून मुद्दाम ही पण सांगतेय, आणि जास्त लांबवून सांगतेय.

आता इकडची खबर. या वर्षीचं रिटर्न वेळेत गेलं ते तुम्हाला माहितीच आहे, तुम्हीच भरलंत. गिऱ्हाइकाचं अडकलेलं पेमेंट सगळं आलं, नवीन दोन पॅटर्नची ऑर्डर पण आली. पेन्सिलीचं लिहिलेलं खोडून कागद परत पाठवायचे होते ना, ते खोडायच्या आधी आबांनी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या, स्वतः दुकानात उभं राहून, त्या त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहेत, कोणाला हात लावू देत नाहीत. आणि परवा आमच्या इथल्या बँकेचा माणूस लोन रिन्युअलच्या सह्या घ्यायला आला, कागद पुढे सरकवला, तर आबांनी खिशातली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. म्हणाले, "बाजूला मराठीत लिवा काय हाय ते. मी उद्या वाचतो, परवा या." आणि तो बसून लिहायला लागला हो ताई, खरंच लिहायला लागला.

आबांनी गुळाची ढेप बांधून ठेवलीय तुमच्यासाठी, गुऱ्हाळावरून स्वतः आणलीय. तुमच्या घराचा पत्ता पाठवा, ऑफिसचा नको. आणि या वेळी विषय बदलू नका.

तुमची,
शिरोलीची पोरगी