गेटवरच्या काकांना

काका, नमस्कार.

एजन्सीने तुम्हाला अचानक दुसरीकडे पाठवलं आणि तुमचा धड निरोपही घेता आला नाही. तुम्ही काय केलंत ते चार लोकांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

लॉकडाऊनच्या सुरुवातीला तुम्ही विचारलं होतंत, "ताई, साहेबांना नेमकं झालंय काय?" त्या गडबडीत मी "मेंदूचा आजार आहे" एवढंच म्हणाले. आज नीट सांगते. ह्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे. ह्यात मेंदूचा कपाळामागचा आणि कानांजवळचा भाग झिजत जातो. बहुतेकांना तो ४५ ते ६५ ह्या वयात, म्हणजे नोकरी चालू असतानाच गाठतो. सुरुवातीला आठवण शाबूत असते, जातो तो पोच. कुठे काय बोलावं, समोरच्याला काय वाटेल, हे उमगेनासं होतं. गोडाची हाव सुटते. एकच गोष्ट रोज त्याच वेळी करायचा हट्ट लागतो. आर्नोल्ड पिक नावाच्या डॉक्टरांनी प्रागमध्ये असा रुग्ण १८९२ सालीच नोंदवून ठेवला होता, तरी आजही कितीतरी जणांवर आधी डिप्रेशनचेच उपचार होत राहतात. ह्यांच्यावरही झाले. आजार थोपवणारं औषध अजून निघालेलं नाही.

आठवण अशी शाबूत, त्यामुळे ह्यांच्या आजारावर लोकांचा विश्वासच बसायचा नाही. जुन्या खातेदारांचे खाते नंबर ज्याला तोंडपाठ, त्याला कसला डिमेन्शिया? पण त्याच माणसाला मार्च २०२० मध्ये "बाहेर रोग आहे, जायचं नाही" हे काही केल्या पटत नव्हतं. शब्द कळायचे, त्यातली भीती पोचायची नाही. संध्याकाळचे पाच वाजले की चप्पल पायात. चौक, बँकेची जुनी शाखा, मिठाईचं दुकान, एक बालुशाही आणि परत. गेटला कुलूप दिसलं की ते गदागदा हलवायचे. मास्क काढून फेकायचे, लोकांच्या अगदी तोंडाजवळ जाऊन बोलायचे. त्या दिवसांत कुणी जवळून गेलं तरी माणसं दचकायची, हे मला कळत होतं. पण "त्यांना खोलीत घालून कडी लावा" असं तोंडावर ऐकलं, ती रात्र फार वाईट गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेटला आतून निळी ताडपत्री बांधलीत. मला वाटलं, उन्हासाठी असेल. पाच वाजता हे खाली आले, तर रस्ताही दिसेना आणि कुलूपही. हे घुटमळले. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "साहेब, चला, राउंड मारायचाय." ए विंग, पाण्याची टाकी, पार्किंग, मागची भिंत. मग तुमच्या केबिनशी आलात आणि रजिस्टर पुढे केलंत, "गाड्यांचे नंबर तेवढे लिहून द्या, माझं अक्षर वाईट आहे." हे बसले. पट्टीने रेघा मारून रकाने आखले, अनुक्रमांक घातले, शेवटी आडवी रेघ ओढून खाली सही केली. तीस वर्षं बँकेत करत होते तश्शी. मी जिन्यात उभी राहून बघत होते. किती दिवसांनी ह्यांना कुणी काम सांगितलं होतं! निघताना तुम्ही डब्यातून एक बिस्किट दिलंत, आणि बालुशाहीची जागा त्या बिस्किटाने घेतली. पुढे तो डबा मी भरून ठेवत गेले, पण युक्ती तुमची.

मास्कचंही तेच. तुम्ही "घाला" कधी म्हणालाच नाहीत. समोर उभं राहून सावकाश आपला पंचा नाकावर बांधायचात, की हेही तुमचं बघून बांधायचे. रोज जमायचं नाही, पण बरेचदा जमायचं.

आमच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "करायचं असतं ते हेच. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या भोवतालचं बदला." हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? तुमची स्वतःची माणसं तिकडे जालन्याला अडकलेली, तुम्ही इथे केबिनमध्ये झोपत होतात, आणि तरी संध्याकाळी पाचला तुमचा आवाज तसाच, "साहेब, चला."

एप्रिल २०२१ मध्ये ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, तेव्हाही सकाळपासून रांगेत तुम्ही उभे. नंबर जवळ आल्यावर फोन केलात, मगच आम्ही निघालो. ह्यांना रांगेत थांबवणं मला एकटीला शक्यच नव्हतं.

आता हे फारसं बोलत नाहीत, चालणंही कमी झालंय. अशा रुग्णांच्या घरच्यांचा आमचा एक गट आहे, त्यात नव्याने आलेल्या बायका विचारतात, नवरा घरात थांबत नाही, काय करू? मी त्यांना आधी तुमची ताडपत्री सांगते, रजिस्टर सांगते. आणि हेही सांगते की आधी खाली जाऊन वॉचमनला, दुकानदाराला, शेजाऱ्याला आजाराचं नाव सांगा. लपवू नका.

तुमचा जुना नंबर लागत नाही. कुणाकडून हे पत्र पोचलं तर एक मिस्ड कॉल द्या. दिवाळीचा फराळ पाठवायचाय, आणि तुमच्या मुलीची बारावी झाली असेल, तिला पुढे काय करायचंय तेही विचारायचंय. तिच्या फीचं मी बघते. नाही म्हणू नका.

तुमची,
बी विंगमधली ताई