काट्याचे पोर्ट आणि ‘कार्ड खराब’चा शेरा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की काटामारीच्या, म्हणजे काट्यावर उसाचे वजन कमी दाखवल्याच्या तक्रारी पुन्हा डोके वर काढतात आणि वजन इंडिकेटरवरून, म्हणजे काट्याचे वजन आकड्यांत दाखवणाऱ्या यंत्रावरून, थेट संगणकात उतरावे, मध्ये माणसाचा हात नसावा, ही मागणीही दरवर्षी होते. मागणी रास्तच आहे. मात्र इंडिकेटरची वायर संगणकाच्या ज्या सीरियल पोर्टात (अशी यंत्रे जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत) जाते, ते पोर्ट बंद पडल्यावर काय होते याविषयी कोणी लिहीत नाही. मी काट्यावरच्या संगणकांची देखभाल करतो. गेल्या हंगामातला एक अनुभव म्हणूनच कळवीत आहे.

एका काट्यावरचा जुना संगणक बंद पडल्याने नवा घेतला. नव्या मदरबोर्डवर सीरियल पोर्ट एकच होते आणि गरज चारांची होती: भरलेल्या गाडीचा काटा, रिकाम्या गाडीचा काटा, बाहेरचा मोठा डिस्प्ले आणि पावतीचा जुना प्रिंटर. त्यामुळे चार पोर्टांचे कार्ड आणून बसवले. यंत्रणा विंडोजवर नव्हे, तर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते. कार्डावरची तीन पोर्टे लगेच चालू झाली. चौथ्यावर भरलेल्या गाडीचा काटा होता आणि तेथे इंडिकेटर वजन दाखवीत असताना संगणकाच्या पडद्यावर मात्र शून्य होते. बाहेर ट्रॅक्टरांची रांग वाढू लागली. ऑपरेटर वजन बघून हाताने टाइप करू लागला आणि खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्यांचे चेहरे बदलले. त्यांना दोष कसा द्यावा?

विक्रेत्याला फोन केला, तर ‘कार्ड खराब आहे, बदलून घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. बदलून आणलेल्या कार्डाचेही चौथे पोर्ट नेमके तसेच बंद! दोन वेगवेगळ्या कार्डांचे एकच पोर्ट मेलेले असेल, हे मनाला पटेना. तेव्हा कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंदवही (डीमेसेज) शांतपणे वाचली. तिच्यात एक ओळ सापडली: सीरियल पोर्टची नोंदणी करता आली नाही, त्रुटी उणे २८. हा क्रमांक ‘जागा शिल्लक नाही’ या अर्थाचा असल्याने आमच्या एका सहकाऱ्याने डिस्क तपासायला घेतली. डिस्क अर्धी रिकामी होती. जागा संपली होती ती पोर्टांच्या यादीत.

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या सीरियल कार्डावर ८२५० नावाची चिप होती आणि लिनक्समधला सीरियल ड्रायव्हर, म्हणजे ही पोर्टे चालवणारा प्रोग्राम, आजही तेच नाव लावतो. पीसीवर चार पोर्टे आणि त्यांचे ठरलेले चार पत्ते असण्याचा रिवाज त्या जुन्या काळापासून चालत आला आहे. डेबियनसारख्या लिनक्सच्या वितरणात (तयार संचात) कर्नल बत्तीस पोर्टांपर्यंत जाऊ शकत असला, तरी सुरू होताना यादीत जागा चारच ठेवतो. आमच्याकडे बोर्डावरचे एक आणि कार्डावरची चार, अशी पाच झाली होती आणि पाचवे दाराबाहेर राहिले होते. ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, फायलीत कर्नलच्या ओळीला ‘८२५० डॉट एनआर अंडरस्कोर यूएआरटीएस’ हा यादीतल्या जागा ठरवणारा पर्याय आठ या आकड्यासह जोडला, ग्रब अद्ययावत केले आणि संगणक पुन्हा सुरू केला. पाचही पोर्टे दिसू लागली.

पण काम तेथे संपले नाही, कारण आधी चालणारी तीन पोर्टे आता बंद पडली! यादीत मोकळी जागा मिळताच कर्नलने कार्डाची चारही पोर्टे जुन्या चार क्रमांकांच्या पलीकडे, टीटीवायएस४ (लिनक्समधले पोर्टाचे नाव, मोजणी शून्यापासून) येथून पुढे नेली होती आणि आमचे सॉफ्टवेअर जुन्याच नावांनी त्यांना हाका मारीत होते. मग यूदेवचा, म्हणजे लिनक्समध्ये उपकरणांना नावे देणाऱ्या प्रोग्रामचा, नियम लिहून प्रत्येक पोर्टाला कार्डावरच्या त्याच्या जागेप्रमाणे कायमचे नाव दिले. तेव्हापासून क्रमांक सरकण्याची भीती राहिली नाही.

प्रत्येक बिघाड असाच असतो असे नाही. कधी वापरकर्ता डायलआउट गटात (पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत) नसतो, कधी इंडिकेटर सेकंदाला २४०० बिटच्या वेगाने बोलत असतो आणि संगणक ९६०० ने ऐकत असतो. तरीही कार्डाला नाव ठेवण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. इंडिकेटरची वायर काढून पोर्टाच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या पिना (एक पाठवण्याची, एक घेण्याची) तारेच्या तुकड्याने जोडाव्यात, हार्डवेअर हँडशेक (वेगळ्या तारांवरून ‘पाठवू का’ असे विचारण्याची सोय) बंद ठेवावा आणि टर्मिनलवर अक्षरे टाइप करावीत. तीच अक्षरे परत आली, तर कार्ड बोलते आहे आणि दोष वायरीत, वेगात किंवा इंडिकेटरमध्ये शोधावा. या चाचणीला पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांत ती होते. आमच्या कपाटात ‘खराब’ अशी चिठ्ठी लावलेली दोन जुनी कार्डे होती, तीही मी अशीच तपासली. एकाची चिप खरोखरच जळालेली निघाली. दुसरे ठणठणीत होते.

या निमित्ताने विक्रेत्यांना एक विनंती आहे. खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ एवढे छापून भागत नाही. सोबतच्या सीडीवर २.६ कर्नलच्या काळातला ड्रायव्हर असतो, तो आजच्या कर्नलसाठी कंपाइलही (चालण्याजोगा तयारही) होत नाही आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते, कारण कर्नलमध्येच ड्रायव्हर असतो. गरज असते ती कार्डावरच्या चिपचे नाव कळण्याची. ते खोक्यावर ठळक छापावे आणि खरेदी करणाऱ्या संस्थांनीही मागणीपत्रात ते विचारावे.

दुसरी विनंती काटे चालवणाऱ्यांना आहे. पोर्ट बंद असताना हाताने वजन टाकण्याची वेळ येणारच, गाड्या रांगेत किती वेळ उभ्या ठेवणार? पण त्या काळातल्या प्रत्येक पावतीवर ‘हाताने नोंद’ असा शब्द छापून यावा आणि तो छापण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच असावी, ऑपरेटरच्या मर्जीवर नसावी.

आपला,
एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)