आई, संध्याकाळचा स्वयंपाक पुन्हा सुरू कर

भारती स्थानक, अंटार्क्टिका
२१ जून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोन ठेवला तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळतेय. जेवलात का, असं विचारलं तर आई म्हणाली, "दोघांना असं लागतंय किती? चहाबरोबर खारी खाल्ली, झालं." बाबा, तुम्ही "बरंय" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडं दिलात. मार्चमध्ये तुम्ही मला इथल्या वाऱ्याचा वेग विचारायचात, जहाज कुठपर्यंत पोचलं असेल ते विचारायचात. म्हणून हे पत्र. दादा प्रिंट काढून देईल. फोनवर सांगायला गेले तर आई लगेच विषय बदलेल, म्हणून लिहूनच पाठवतेय.

इथं आज हिवाळ्याचा मध्य. अंटार्क्टिकावरच्या सगळ्याच स्थानकांवर हा दिवस सणासारखा करतात, एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. मेअखेरीस गेलेला सूर्य आता जुलैच्या मध्याशिवाय दिसायचा नाही. दुपारी उत्तरेला क्षितिजावर तांबूस कड उमटते, तासा-दोन तासांत तीही विझते. उन्हाळा येईपर्यंत नवा माणूस नाही की नवी भाजी नाही.

एप्रिल-मेमध्ये इथल्या दवाखान्यात माझ्याकडं येणाऱ्यांची तक्रार पोटाची असायची. गच्च वाटतं, साफ होत नाही, भूक मेली. जरा बसवून बोलतं केलं की दुसरं बाहेर यायचं. झोप लागत नाही, कशात मन नाही, शेजारच्याच्या चमच्याच्या आवाजानंही डोकं उठतं. पोट आणि मन जोडीनं बिघडलेलं. अंधार, थंडी, घरची आठवण हे तर आहेच. पण ताजं, हिरवं संपत गेलं तसा आमच्या ताटातला चोथाही संपत गेला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी. मॉस्कोमध्ये जून २०१० ते नोव्हेंबर २०११ सहा जणांना ५२० दिवस बंद ठेवलं होतं, मंगळावर जाऊन यायला लागेल साधारण तेवढा काळ. तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन, एक चिनी. जमिनीवरच, पण बंद दाराआड. त्यांच्या शौचाचे नमुने जपून ठेवले होते. त्यांची नव्यानं तपासणी झाली तेव्हा दिसलं, की आतड्यातले काही उपयोगी जिवाणू त्या काळात घटले. त्यातल्या एकाचं नाव फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी.

हाच जिवाणू मग बीजिंगला भेटतो. तिथल्या बैहांग विद्यापीठात मे २०१७ पासून ३७० दिवस आठ स्वयंसेवक चार-चारच्या दोन तुकड्यांत, आळीपाळीनं, एका बंद घरात राहिले. आतच गहू आणि भाज्या पिकवायच्या, पाणी आणि हवा शुद्ध करून पुन्हा वापरायची. त्यांच्या मनःस्थितीच्या नोंदी आणि पोटातले जिवाणू ताडून पाहिले, तेव्हा मन बरं राहण्याशी चार जिवाणूंचं नातं दिसलं. चारांतला एक हाच. पुढं प्राण्यांवर प्रयोग केले, तिथंही तसंच आढळलं. माणसं मोजकी होती, त्यामुळं यावरून कुणाला औषध लिहून द्यावं असं मी म्हणणार नाही. पण दोन देशांतल्या दोन बंद घरांमधून एकच नाव समोर आलं, ते माझ्या मनातून जात नाही.

फीकॅलिबॅक्टेरियमसारखे जिवाणू आपल्याला न पचणारा चोथा खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. अस्तर धड राहिलं की शरीरातला दाह आटोक्यात राहतो, आणि पोटाकडून मेंदूकडं व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून सतत खबर जात असते. "आनंदाचं रसायन पोटात बनतं" असा मेसेज तुम्ही पाठवला होतात ना, तो निम्मा खरा. ते रसायन म्हणजे सेरोटोनिन. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात बनतं, पण ते मेंदूत शिरत नाही. त्याचं काम तिथल्या तिथं. म्हणून त्या मेसेजखाली ज्या पावडरची जाहिरात होती ती मागवू नका. आणि तो फीकॅलिबॅक्टेरियम जिवाणू हवेतल्या ऑक्सिजननं मरतो. तो दह्यातही नसतो. तो तुमच्या पोटात आहेच, त्याला खायला घालायचं एवढंच आपल्या हातात.

आणि तुमचीच काळजी मला का वाटते तेही सांगते. आयर्लंडमध्ये १७८ वृद्धांचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपापल्या घरी, वस्तीत राहणाऱ्यांपेक्षा कायमच्या शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या पोटातले जिवाणू कमी प्रकारचे होते. त्यांच्या जेवणातही तेवढी विविधता नव्हती, आणि तब्येतही जास्त खालावलेली होती. तुम्ही स्वतःच्याच घरात आहात. पण दादा पुण्याला गेला, मी इकडं आले, बाबांचा कट्टा मोडला, आणि आई, तू संध्याकाळचा स्वयंपाक थांबवलास. मी इथं बर्फात आहे म्हणून सगळे माझी चौकशी करतात. मला वाटतं, तुम्ही दोघं माझ्यापेक्षा जास्त एकटे पडलात.

मी इथं काय केलं ते ऐक. मटकी रात्रभर भिजवली, सुती फडक्यात बांधून पाण्याच्या गरम पाइपापाशी ठेवली. तुझ्याकडं एका दिवसात मोड येतात, इथं तिसऱ्या दिवशी आले. फडकं सोडलं तर आतून ओलसर, हिरवा वास आला, पावसाळ्यात आपल्या परसात येतो तसा. एकेक जण येऊन ते टोपलं हुंगून गेला. दोघं तर काही न बोलता नुसते उभे राहिले. त्या रात्री उसळीला पंगत बसली आणि कित्येक आठवड्यांनी लोक जेवण झाल्यावरही टेबलावर गप्पा मारत राहिले. तो गुण मटकीचा की पंगतीचा, मला वेगळं काढता येत नाही. दोन्ही असावेत.

दहीही लागतं. विरजण नव्हतं, तू सांगायचीस तसे सुक्या मिरचीचे देठ टाकले, दुधाच्या पावडरीच्या कोमट दुधात. पहिल्या वेळी तार सुटली, फेकलं. चौथ्या खेपेला कवडी पडली.

तेव्हा आता एवढं करच. संध्याकाळी भाकरी टाक, ज्वारीचीच. दोन थाप, जास्त नकोत. एक दिवस मटकी, एक दिवस मूग, एक दिवस चवळी, आणि रोज काहीतरी पालेभाजी, माठ असो की मेथी. सुरुवातीला थोडंच, नाहीतर बाबांना वारा धरेल. पाणी भरपूर. उरलेला भात टाकू नकोस. निवलेल्या भातात न पचणारा स्टार्च वाढतो, तोही त्या जिवाणूंचं खाणं. फक्त गार झाल्या-झाल्या फ्रिजमध्ये ठेव आणि सकाळी खमंग फोडणी दे. ताक रोज, बाबांच्या ताकात मीठ नको.

बाबा, प्रेशरची गोळी आहे तशीच चालू ठेवायची. आणि दोन आठवड्यांनीही बोलावंसं वाटलं नाही, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागली नाही, तर दादाबरोबर डॉक्टरांकडं जा आणि हे त्यांना स्पष्ट सांगा. ते निव्वळ उसळीनं बरं होणारं नसतं. मी इथल्या लोकांनाही हेच सांगते.

शेजारच्या काकूही एकट्याच असतात. आठवड्यातून दोनदा त्यांना जेवायला बोलवा, नाहीतर तुम्ही त्यांच्याकडं जा. भाज्या बाबांनी निवडायच्या, आई.

रविवारी तुमच्या आठच्या सुमारास फोन करेन. तेव्हा ताटावर बसलेले असा. आणि बाबा, त्या दिवशी फोन तुम्ही उचला, ताटात काय-काय आहे ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तुमची,
बेबी